फाईल पडली तेव्हा ट्रॉलीजवळ कोण उभं होतं : एका नर्सिंग विद्यार्थिनीचं प्रकरण

हे प्रकरण माझ्यापर्यंत तक्रार म्हणून आलं. तक्रार विद्यार्थिनीने केलेली नव्हती, तिच्याविरुद्ध होती. सर्जिकल वॉर्डातल्या मावशी दुपारी अडीचच्या सुमाराला ट्यूटर रूमच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. चपला बाहेर काढलेल्या. पन्नाशी उलटलेली, बावीस वर्षं त्याच वॉर्डात. म्हणाल्या, "मॅडम, तुमची ती सेकंड इयरची पोरगी मला म्हणाली, डोळे घरी ठेवून येता का? मोठे सर बोलतात ते ऐकतो, सिस्टर बोलतात ते ऐकतो. आता पोरांचंपण ऐकायचं का?"

मी मावशींना बसायला सांगितलं, त्या बसल्या नाहीत. मी विद्यार्थिनीला बोलावलं, दोन शब्द सुनावले, मावशींची माफी मागायला लावली. तिने मान खाली घालून मागितली. मावशी "राहू दे" म्हणून निघून गेल्या. तिच्या रेकॉर्डमध्ये मी लाल शाईने लिहिलं : वर्तणूक सुधारणे आवश्यक. सगळं मिळून दहा मिनिटांत आटोपलं. त्या दहा मिनिटांत मी तिला एकही प्रश्न विचारला नाही. हे वाक्य तुला कुठून सुचलं, एवढंसुद्धा नाही.

तिला इथे वैदेही म्हणते. हे तिचं नाव नाही. वॉर्ड, वार आणि रुग्णांचे तपशीलही थोडे बदलले आहेत, म्हणजे कुणी ओळखू येऊ नये. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाशी जोडलेल्या नर्सिंग शाळेत मी अठरा वर्षं शिकवते आहे. वैदेही चिपळूणजवळच्या गावातली. जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेचं दुसरं वर्ष, हॉस्टेलला राहणारी, वडील एसटीत. पहिल्या वर्षी तिच्या हाताची सफाई बघून मी तिला बेड मेकिंग दाखवायला इतरांसमोर उभी करायचे. मावशींना ती 'अहो मावशी' म्हणायची आणि त्यांच्या डब्यातली भाकरी खायची. म्हणून तर तक्रारीने मला राग आला, पण गंमत अशी की आश्चर्य वाटायला हवं होतं ते वाटलं नाही. रागाने ती जागा घेतली होती.

दोन दिवसांनी

दुसरी घटना इव्हिनिंग ड्युटीला घडली. आतड्याला छिद्र पडल्यामुळे ऑपरेशन झालेला साठ किलो वजनाचा एक रुग्ण, ऑपरेशननंतरचा पहिला दिवस, लघवीसाठी कॅथेटर लावलेला. दर तासाची लघवी मोजून चार्टवर लिहायचं काम वैदेहीकडे होतं. चार वाजता २५ मिली, पाचला २०, सहाला १५, सातला १०. निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात, प्रत्येक आकड्यापुढे सही. त्या संध्याकाळी स्टाफ सिस्टर एका नव्या ॲडमिशनमध्ये अडकल्या होत्या. वैदेहीने त्यांना सांगितलं नाही आणि रेसिडेंटना, म्हणजे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांनाही नाही. आठच्या हँडओव्हरला नाईट सिस्टरचं बोट त्या रकान्यावरून खाली सरकलं आणि थांबलं.

कॅथेटर तुंबलेला नाही ना ते बघितलं, बीपी घेतला, रेसिडेंटना बोलावलं, सलाईन वाढवलं. पहाटेपर्यंत लघवी तासाला चाळीसच्या वर गेली आणि पुढे रुग्ण ठीक होऊन घरी गेला. त्याला कायमची इजा झाली नाही. पण मूत्रपिंडाला रक्त कमी पडत असताना चार तास तो आकडा कागदावर उतरत राहिला आणि कुणाच्या कानावर गेला नाही, हे माझ्या मनातून अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला समोर उभं केलं आणि विचारलं, ऑलिग्युरिया म्हणजे काय? तिने एका दमात सांगितलं : मोठ्या माणसात किलोमागे ताशी अर्धा मिलीपेक्षा कमी, म्हणजे या रुग्णाला ताशी तीसच्या खाली. कारणं सांगितली, धोके सांगितले, नर्सने काय करायचं तेही सांगितलं, डॉक्टरांना ताबडतोब कळवणे यासकट. तोंडी परीक्षेत तिला मी पूर्ण गुण दिले असते.

"मग कळवलं का नाहीस?"

ती बराच वेळ चार्टकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी राऊंडला सिस्टरनी सांगितलंच होतं ना."

कोणत्या दिवशी, ते मला ठाऊकच नव्हतं.

त्या गुरुवारचा राऊंड

पुढचा पाऊण तास मी फक्त ऐकलं. तिला म्हटलं, कुठे उभी होतीस, हातात काय होतं, तिथपासून सांग.

गुरुवार, साडेनऊचा राऊंड. बेड नंबर अकरा, पोटात ड्रेन, म्हणजे आतला स्राव बाहेर काढणारी नळी, असलेला रुग्ण. वैदेही ड्रेसिंग ट्रॉलीजवळ, हातात चिटल फोर्सेप, म्हणजे निर्जंतुक सामान उचलायचा लांब चिमटा. टोक खाली धरायचं, हे आम्ही पहिल्या महिन्यात शिकवतो, आणि पुढे जे झालं त्या सगळ्या वेळात तिने टोक खालीच धरलं होतं, हेही तिला आठवत होतं. युनिटच्या मोठ्या सरांनी ड्रेन चार्ट बघितला. रात्री दोन आणि चारच्या नोंदी कोऱ्या होत्या. त्या रात्री बेचाळीस रुग्णांना दोन सिस्टर होत्या. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, म्हणजे दर पाळीला नऊ रुग्णांमागे एक, असा आहे. हिशेब ज्याचा त्याने करावा. सकाळच्या सिस्टर, ज्या रात्री ड्युटीवर नव्हत्याच, त्या बोलू लागल्या : "सर, ड्रेनचा रंग बदलला होता, नाईटनी तीन वाजता ड्युटी डॉक्टरांना..."

एवढंच. मोठे सर म्हणाले, "डोळे घरी ठेवून येता का? का फक्त पगाराला येता?" आणि फाईल बेडवर आपटली. ती घसरून खाली गेली, क्लिप सुटली, कागद बेडखाली पसरले.

सिस्टर म्हणाल्या, "सॉरी सर." राऊंड बारा नंबरकडे सरकला. इंटर्न्सनी एकमेकांकडे बघितलं नाही. बारा नंबरच्या रुग्णाचा मुलगा मोबाईलमध्ये बघत राहिला. दहा नंबरचे आजोबा एकदम म्हणाले, "सिस्टर, जरा पाणी द्या हो." त्यांची बाटली भरलेली होती, उशाशी. सिस्टर गुडघ्यावर बसून कागद गोळा करू लागल्या. वैदेही वाकली तर त्या हळूच म्हणाल्या, "तू उभी राहा." एका कागदाला जमिनीवरचं बीटाडीन लागलं होतं. तो त्यांनी गॉजने पुसला, बेडच्या पायथ्याच्या दांडीवर ठेवून सगळ्या कडा सारख्या केल्या, क्लिप लावली आणि सरांच्या मागे बारा नंबरला जाऊन उभ्या राहिल्या.

तासाभरात मावशी अकरा नंबरची चादर बदलत होत्या. ड्रेनची नळी जरा ओढली गेली. सिस्टर ओरडल्या, "डोळे घरी ठेवून येता का, मावशी?"

वैदेही तेव्हाही तिथेच होती. एकोणीस दिवसांनी चादर बदलताना तेच झालं, आणि तेच वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडलं. "मॅडम, मला मावशींना बोलायचं नव्हतं. ते तयारच होतं तोंडात," ती म्हणाली.

लघवीच्या चार्टचंही उत्तर इथेच होतं. मी समजत होते की पोरगी घाबरली. ती घाबरली होतीच, पण तिने विचारही केला होता. तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत देते : "सिस्टर गप्प राहिल्या असत्या तर नुसता ओरडा बसला असता. त्या सांगायला गेल्या म्हणून फाईल पडली." संध्याकाळचे रेसिडेंट त्याच युनिटचे होते.

माझ्याकडे तीन वह्या होत्या

नंतर शोधलं तेव्हा सगळं लिहिलेलंच सापडलं. हजेरीत दोन गुरुवार गैरहजर, कारण 'पोटदुखी'. वॉर्डाच्या मूल्यमापनात सिस्टर इन्चार्जचा शेरा, 'हल्ली प्रश्न विचारत नाही, शांत झाली आहे', आणि तो चांगला गुण म्हणून लिहिलेला. तिसरा माझाच लाल शेरा. तीन वह्या तीन कपाटांत. त्या एका टेबलावर ठेवायचं काम माझं होतं.

रूममेट म्हणाली, बुधवारी रात्री ती युनिफॉर्मला दोन-दोनदा इस्त्री करते, पहाटे चारला उठून बसते. घरी फोनवर मात्र "सगळं बरं चाललंय". खरं सांगितलं तर बाबा सामान घेऊन परत नेतील, ही धास्ती. आमच्याकडच्या निम्म्या मुलींची ही धास्ती आहे, आणि वॉर्डात जे बघितलं ते घरी न सांगण्याचं मुख्य कारणही तेच.

बघणाऱ्याला काय होतं

हे वाचणाऱ्या काही सहकाऱ्यांना वाटेल की ओरडा सिस्टरना बसला, वैदेहीला कुणी ब्र काढला नाही, मग तिचं प्रकरण कसलं? याच मुद्द्यावर क्रिस्टीन पोरॅथ आणि आमिर एरेझ यांनी २००९ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला होता. दुसऱ्या कुणाचा पाणउतारा होताना नुसतं बघितलेल्या लोकांना विस्कटलेल्या अक्षरांतून शब्द जुळवण्यासारखी साधी कामं दिली, तर ती त्यांना कमी जमली, आणि इतरांना मदत करण्याची त्यांची तयारीही घटली. अपमान त्यांचा झालेला नव्हता.

२०१५ मध्ये इस्रायलमधल्या नवजात अतिदक्षता विभागांच्या चोवीस पथकांवर झालेला प्रयोग तर आपल्या कामाच्या थेट जवळचा आहे. कमी दिवसांचं बाळ अचानक बिघडतं, असा सराव होता. काही पथकांना सराव बघणाऱ्या परदेशी तज्ज्ञाने कमी लेखणारे शेरे ऐकवले. त्यांचं निदानही घसरलं आणि हाताचं कामही. कारण शोधलं तेव्हा दिसलं की पथकातली माणसं एकमेकांना माहिती द्यायची आणि मदत मागायची कमी झाली होती. आमच्या चार्टवरचे २५, २०, १५, १० हे आकडे मला त्याच गोष्टीचे वाटतात. माहिती होती, ती हलली नाही.

आणि मावशींवरचं ओरडणं? सुझन रॉबर्ट्स यांनी १९८३ मध्येच मांडलं होतं की सतत दाबला गेलेला समूह वरच्याला उत्तर देऊ शकत नाही, म्हणून राग आपसात आणि खाली काढतो, आणि परिचारिकांचं नेमकं तसं होतं. अमेरिकेत १९८६ मध्ये ज्युडिथ माइस्नर यांनी विचारलं की आपण परिचारिका आपल्याच पिल्लांना खातो आहोत का. चाळीस वर्षं होत आली. तो प्रश्न मी शिकवताना फळ्यावर लिहिला आहे, व्याख्येसारखा, परीक्षेला येतो म्हणून.

माझं मत सांगते. वैदेही त्या सकाळी एकच धडा शिकली, पण त्याला दोन तोंडं होती : वर बोलायचं नाही आणि खाली आवाज चढवायचा. तिचा उद्धटपणा आणि तिचा भित्रेपणा मी दोन वेगळे दोष म्हणून दोन वेगळ्या वेळी दुरुस्त करायला बसले होते. एकच गोष्ट होती ती, आणि ती आमच्याच वॉर्डाने तिला शिकवली होती, आमच्या कोणत्याही प्रात्यक्षिकापेक्षा पक्की.

काय केलं

आधी सिस्टरना भेटले. त्या सावध झाल्या. "मॅडम, हे रोजचं आहे. पोरींना सवय व्हायला नको का? पुढे काय करतील?" सवयीचं हे म्हणणं मी अठरा वर्षं ऐकते आहे आणि काही वेळा स्वतः बोललेही आहे. सवय होते, ते खरंच. मी त्यांच्यासमोर लघवीचा चार्ट ठेवला. त्यांनी तो वाचला, वेळा वाचल्या, आणि थोड्या वेळाने विचारलं, "ती तेव्हा ट्रॉलीजवळ होती ना?" मग म्हणाल्या, "मला सरांच्या बोलण्याचं तेवढं लागलं नाही, मॅडम. पोरगी बघते आहे याचं लागलं. म्हणून तिला म्हटलं, उभी राहा. कागद उचलताना तिने मला बघू नये असं वाटलं." मावशींना आपण काय बोललो ते त्यांना आठवत नव्हतं. मी सांगितल्यावर त्या उठून वॉर्डात गेल्या. तिथे दोघींत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

मग मोठ्या सरांचा प्रश्न. इथे कायद्याचं थोडं बोलायला हवं, कारण मुली विचारतात. महाराष्ट्राचा २०१० चा वैद्यकीय सेवा व्यक्तींवरील हिंसाचार प्रतिबंधक कायदा नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनाही संरक्षण देतो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. पण तो डोळ्यांपुढे ठेवतो ते मारहाण आणि तोडफोड. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा रुग्णालयालाही लागू आहे आणि प्रशिक्षणार्थींनाही, पण तो त्याच विषयापुरता. रॅगिंगविरुद्ध १९९९ चा राज्याचा कायदा आहे. राऊंडला फेकलेली फाईल आणि ती बघणारी मुलगी यांपैकी कशातच नीट बसत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या १९० क्रमांकाच्या कराराने कामाच्या ठिकाणच्या छळात शिकाऊ आणि इंटर्न यांना नाव घेऊन मोजलं आहे. आमच्या कपाटात त्यासाठी एक साधा फॉर्मही नव्हता.

आणखी एक गोष्ट मनात येते. मुंबईत नर्सिंगला आलेल्या प्रत्येक मुलीला पहिल्याच वर्षी अरुणा शानबाग यांच्याबद्दल कुणीतरी सांगतं. केईएममध्ये २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांच्यावर हल्ला झाला आणि १८ मे २०१५ ला त्या गेल्या तोवर तिथल्या परिचारिकांनीच त्यांना सांभाळलं. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात तरुण डॉक्टरवर अत्याचार होऊन तिचा खून झाला तेव्हा मुलींनी वर्गात विचारलं, आपल्या कॉरिडॉरमध्ये रात्री दिवे का नाहीत? प्रश्न अगदी बरोबर होता. दिवे, कॅमेरे, रखवालदार, सगळं हवं. पण फाईल पडली ती सकाळी साडेनऊला, भर उजेडात, पन्नास माणसांसमोर. तिथे कोणता दिवा लावायचा हे आम्ही कधी विचारात घेतलं नव्हतं.

प्राचार्य मॅडम आणि मेट्रन मॅडम यांनी युनिटला पत्र दिलं. कुणावर आरोप न करता घटना लिहिली, चार्टची प्रत जोडली. मोठे सर भेटले, चार्ट बघून गंभीर झाले, माफीचा शब्द बोलले नाहीत. चार्टबद्दलचे प्रश्न यापुढे नर्सिंग टेबलाशी विचारायचे, रुग्णाच्या बेडशी नाही, एवढं त्यांनी मान्य केलं. पुढचे दोन राऊंड शांत गेले. तिसऱ्याला आवाज पुन्हा चढला. मी हे लपवून ठेवणार नाही. ती बाजू अजून सुटलेली नाही.

आमच्या हातात होतं ते बदललं. दुपारी वॉर्डातून परत आल्यावर दहा मिनिटं मी दार लावून मुलींना विचारते, आज काय बघितलंत? प्रोसिजर सोडून. पहिला आठवडा कुणी बोललं नाही. दुसऱ्या आठवड्यात एकीने चिठ्ठी लिहिली की कॅज्युअल्टीत एका नातेवाइकाने ब्रदरची, म्हणजे पुरुष परिचारकाची, कॉलर धरली आणि नंतर सगळ्यांनी चहा घेतला, कुणी त्याबद्दल बोललंच नाही. मग चिठ्ठ्या येऊ लागल्या. बरंच काही त्याच दिवशी बोलून हलकं होतं, काही मला पुढे न्यावं लागतं. आणि काही चिठ्ठ्यांत माझंही वागणं असतं.

वैदेहीबरोबर डेमो रूममध्ये आठ-नऊ वेळा फोनचा सराव केला. कोण बोलतंय आणि काय झालंय, मागची हकीकत, मला काय वाटतं, मला काय हवं आहे, अशा चार पायऱ्यांत बोलायची पद्धत पाठ्यक्रमात आहेच. ती अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून रुग्णालयांत आली. पण आम्ही ती शांत खोलीत शांत आवाजात शिकवत होतो. आता मी रेसिडेंट होऊन मध्येच तोडत होते, ओरडत होते, आणि तिने वाक्य पूर्ण करायचं होतं. पहिल्या तीन वेळा "सॉरी सर" म्हणून तिने फोन ठेवला. चौथ्यांदा म्हणाली, "सर, ऐकून घ्या, आकडा सांगते."

सिस्टरनी त्याहून मोठी गोष्ट केली. एका इव्हिनिंगला रेसिडेंटना फोन करायचा होता तर त्यांनी रिसीव्हर वैदेहीच्या हातात दिला आणि स्वतः बाजूला उभ्या राहिल्या. रुग्णाला ताप चढत होता, टाक्यांतून पू येत होता. तिचा आवाज थरथरत होता. पलीकडून काहीतरी तिरसट आलं. ती म्हणाली, "सर, एकशे दोन आहे, पल्स एकशे अठरा. तुम्ही या. सिस्टर इथेच उभ्या आहेत." डॉक्टर पंचवीस मिनिटांनी आले. ती वेळही तिने चार्टवर लिहिली.

सध्या

या गोष्टीला सहा महिने झाले. वैदेही आता तिसऱ्या वर्षाला आहे. गुरुवारी सकाळी पोट अजून दुखतं, पण ती गैरहजर राहत नाही आणि दुखतंय हे मला सांगते. मावशींची माफी तिने पुन्हा मागितली, या वेळी मी खोलीत नव्हते. चादर बदलताना आता दोघी मिळून बदलतात. नळी कुणी धरायची ते मावशी सांगतात.

माझा लाल शेरा उरला होता. नर्सच्या नोंदीत खाडाखोड चालत नाही, व्हाइटनर चालत नाही, हे मीच मुलींना शिकवते : चुकलेल्या मजकुरावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला 'चूक' लिहून तारीख आणि सही करायची. वैदेहीला समोर बसवून मी 'वर्तणूक सुधारणे आवश्यक' यावर तशी रेघ मारली, सही केली, आणि त्याखाली त्या गुरुवारी सकाळी साडेनऊला तिने काय बघितलं ते लिहिलं. जागा पुरली नाही, म्हणून एक कोरा कागद जोडला.